वाफवलेले फोन

ट्युनिस, रविवार, ४ मे

दोर्राताई,

नमस्कार लिहीत नाही. तू तो परत करणार नाहीस, आणि मग तो बिचारा वाटेतच कुठेतरी लटकत राहील.

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तू मला फोनवर ब्लॉक केलंस तेव्हापासून माझ्यापुढे दोनच मार्ग उरले होते, कबूतर किंवा टपाल. कबुतराला स्फॅक्सचा रस्ता ठाऊक नाही. टपाल कचेरीतल्या बाईला तिकीट सापडेना. तिने सगळे खण उपसले आणि विचारलं, "परदेशी पाठवायचंय का?" म्हटलं, "नाही हो, बहिणीला." ती म्हणाली, "सख्ख्या?" तिच्या आवाजात एवढी माया होती की मी सगळं सांगून टाकलं. मग तिने तिच्या जावेचं सांगितलं. मागे रांग वाढत गेली, पण कुणी कुरकुर केली नाही. सगळे ऐकत होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. रिहाबच्या लग्नाबद्दल काही विचारावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. तुझ्या मुलीचं लग्न जूनच्या शेवटी आहे, एवढं मला आईकडून कळलंय आणि तेवढं मला पुरे आहे.

अंगठ्याची गोष्टही उकरून काढणार नाही. फक्त नोंद असावी म्हणून सांगते: साखरपुड्याचा फोटो तू कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलास, तेव्हा मी दुकानात होते. एका गृहस्थांच्या नाकावर चष्मा बसवत होते. त्यांचं नाक अवघड होतं. एक हात नाकावर होता, दुसरा रिकामा होता, त्याने जे पहिलं हाताला लागलं ते मी पाठवलं. अंगठा. बाकीच्यांनी हृदयं पाठवली, मामीने तर लग्नघरात काढतात तसा यू-यू-यू आवाज काढून पाठवला, हे सगळं मला मान्य आहे. पण अंगठासुद्धा आनंदानेच वर केलेला असतो, ताई. तो कुणी रागाने वर करत नाही. असो. विषय संपला.

दर शुक्रवारी जेवण झालं की आईला तुझा फोन येतो. आईचे हात थरथरतात, म्हणून फोन मी धरते. तू मात्र तो हवेत आपोआप तरंगतोय असं समजून बोलतेस. मागच्या शुक्रवारी म्हणालीस, "आई, फोन जरा डावीकडे घे, अर्धाच चेहरा दिसतोय." मी डावीकडे घेतला. तू म्हणालीस, "हां, आता छान." कुणाला म्हणालीस? यावर मी पुष्कळ विचार केला. मला त्या कोनातून तुझी फक्त हनुवटी दिसते. ती उतरलीय. वेळेवर जेवत जा.

आता खरी बातमी. दुकानात सिरीन नावाची एक मुलगी येते. डोळ्यांतून पाणी येतं म्हणत होती. मी तपासलं, नंबर ठणठणीत. म्हटलं, "बाळ, तुझे डोळे धड आहेत. तुझा फोन बिघडलाय." ती एवढी खूश झाली की तिने मला आमंत्रणच दिलं. ती आपल्या घरी अनोळखी माणसं जमवते. दारात सगळ्यांचे फोन काढून घ्यायचे आणि संध्याकाळभर नुसतं बसायचं, बोलायचं, जेवायचं. याची म्हणे आता फॅशन आहे. मी म्हटलं, "यात नवीन काय गं? आमच्या लहानपणी याला संध्याकाळ म्हणायचे." तर म्हणाली, "म्हणूनच तुम्ही हव्यात, मावशी. तुम्हाला अनुभव आहे."

मी जाणार नव्हते. पण परवा तू फोन ठेवलास आणि मी तशीच, बंद पडद्याला आईच्या तोंडासमोर धरून उभी राहिले. आई म्हणाली, "ठेव आता खाली. हात अवघडेल." तेव्हा ठरवलं, जायचं.

तुझी धाकटी बहीण (हे ब्लॉक करता येत नाही, मी चौकशी केली),
नज्वा


ट्युनिस, बुधवार, १४ मे

दोर्राताई,

पोस्टमन हल्ली माझी नजर चुकवतो. मी त्याला रोज विचारते असं नाही. मी फक्त जिन्यात उभी असते.

आईला सिरीनकडचं सांगितलं. आई म्हणाली, "अनोळखी माणसांकडे जेवायला? त्या मुलीची आई कुठल्या गावची?" मी म्हटलं ठाऊक नाही. "आणि फोन काढून घेतात? मग तुला कुणी पळवून नेलं तर?" मी म्हटलं, "आई, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे." आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "हो, ते आहेच." हे तिने ज्या सुरात म्हटलं तो मला आवडला नाही.

आपल्या दोघींमध्ये पडायला ती अजूनही तयार नाही. म्हणते, "एकदा पडले होते मध्ये. अजून कंबर दुखते." तिला मामा गाडीने स्फॅक्सला नेणार आहेत. गाडीत मागची जागा रिकामी आहे, असं मामा म्हणाले. मी म्हटलं, "मग मागे आईची उशी ठेवा."

लग्नाबद्दल मी काही बोलणार नाही असं ठरवलंय आणि ते मी पाळतेय. मामाच्या फोनवर कार्ड आलं, छान आहे, सोनेरी अक्षरं आहेत. शेजारच्या कुलसूमला आलं. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यालासुद्धा आलं, ज्याने आजवर तुझा एकच दात काढलाय. आनंद आहे. मी मोरपंखी रंगाचा पोशाख शिवायला टाकलाय तो दुकानासाठी. हल्ली दुकानात मोत्यांचं काम केलेले कपडे घालतात.

माझा पत्ता बदललेला नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलाय. सहज.

शनिवारी संध्याकाळी सिरीनकडे जातेय.

नज्वा


ट्युनिस, रविवार, १८ मे

ताई,

यातलं शेवटचं तुला ठाऊक आहे, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला तू होतीस. पण माझ्या टोकाला काय चाललं होतं ते तुला कळायलाच हवं. नाहीतर काल तुला जे ऐकू आलं त्यावरून तुला वाटेल, मी वेड्यांच्या इस्पितळातून बोलत होते.

सिरीनचं घर बाब सुइकाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. दारातच तिने कुसकुस वाफवायचं वरचं भांडं पुढे केलं. तेच, तळाला भोकं असलेलं. त्यात एकेकाने आपला फोन ठेवायचा. तिला ती मोठी गंमत वाटत होती. एका रांगेत ते काळे चकचकीत तुकडे बघून मला मासळीबाजार आठवला. मग तिने भांड्यावर पांढरा पंचा झाकला आणि ते आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

बाहेर आम्ही पाहुणे बसलो. सी मुन्सिफ, कस्टममधून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांच्या तोंडी मानाचं 'सी', पोट पुढे आणि मिशा त्याहून पुढे. वहीदा, वकील, माझ्याच वयाची. आणि इल्यास, संगणकावर काहीतरी करणारा तरुण, जो दर श्वासाला खिसा चाचपत होता. सिरीनने नियम सांगितले. एकमेकांना नोकरी विचारायची नाही, घराणं विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. माणसाने माणसाला नव्याने भेटायचं.

मग जी शांतता पसरली, ताई! घरातल्या फ्रिजचा आवाज आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकला. सी मुन्सिफनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि तिच्यावरची क्षारांची माहिती मोठ्याने वाचून दाखवली. मॅग्नेशियमवर इल्यास म्हणाला, "चांगलं असतं." वहीदा म्हणाली, "हो." परत फ्रिज.

मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. मांडीवर ठेवले तर शाळेत फोटो काढतायत असं वाटत होतं. शेवटी एका हाताने दुसरा धरून ठेवला. तेव्हा लक्षात आलं, कितीतरी दिवसांत मी माझा स्वतःचाच हात धरला नव्हता. जरा गारच होता.

मग चहा आला, वहीदाने साखर मागितली आणि सी मुन्सिफना राहवेना. "मुली, नियम तुझे डोक्यावर. पण ही बाई ज्या तऱ्हेने 'साखर' म्हणते ना, ही बिझर्तची आहे. मी हे पोटात ठेवून जेवू शकत नाही."

वहीदा म्हणाली, "माझी आई बिझर्तची."

"आईचं आडनाव?"

"सी मुन्सिफ!" सिरीन ओरडली.

"फक्त आईचं!"

आणि बांध फुटला. वहीदाच्या आईची चुलतबहीण सी मुन्सिफच्या मेहुण्याकडे दिलेली निघाली. इल्यासचे आजोबा कस्टममध्ये सी मुन्सिफचे साहेब होते आणि फार खडूस होते, हे कळलं. इल्यास म्हणाला, घरीही तसेच होते. सिरीन बिचारी रडकुंडीला आली. "अहो, थोडा वेळ तरी अनोळखी राहा ना! मी जाहिरातीत लिहिलंय, अनोळखी!" सी मुन्सिफनी तिची समजूत घातली. "बाळ, या शहरात अनोळखी माणूस हवा असेल तर तो बाहेरून मागवावा लागतो."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? तुमचं स्फॅक्सला कुणीतरी आहे. मघाशी कुणीतरी स्फॅक्स म्हटलं तेव्हा तुम्ही मान वर केलीत."

मी म्हटलं, "बहीण."

"अरे वा! मीही जूनमध्ये स्फॅक्सलाच चाललोय, लग्नाला. माझ्या मेहुण्याच्या भागीदाराचा मुलगा. खास आग्रहाचं कार्ड आलंय. फोन असता तर दाखवलं असतं, काय सुंदर सोनेरी अक्षरं! मुलीचं नाव…" त्यांनी डोळे मिटून आठवलं. "रिहाब."

मी म्हटलं, "छान नाव आहे." आणि पाणी प्यायला म्हणून उठले.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी ओट्याला धरून उभी राहिले. मी रडत होते असं नाही, पण नाक वाहत होतं. मनात एकच घोळत होतं. मेहुण्याच्या भागीदाराच्या मुलाच्या लग्नाला एक मिशावाला जाणार. तो रिहाबला बघणार. मी तिला पहिल्यांदा आंघोळ घातलीय, तुला टाके पडले होते तेव्हा. ती माझ्या हातात साबणासारखी निसटत होती. आणि मी त्या दिवशी मोत्यांचे कपडे घालून लोकांच्या नाकावर चष्मे बसवणार.

आणि समोर शेगडीवर खालचं भांडं खळखळ उकळत होतं. भाजी, मटण, हरिसाचा तिखट वास. तोंड उघडं. सगळी वाफ वाया चाललेली. शेजारी वरचं भांडं पंचाने झाकून नुसतं ठेवलेलं.

तूच सांग, तू काय केलं असतंस? आपल्या घरात जाता-येता ज्या कुणाला हे दिसेल तिने ते चढवायचं, हे कुणी शिकवलंसुद्धा नाही आपल्याला. माझे डोळे भरलेले, डोकं स्फॅक्सला. हातांनी आपणहून भांडं उचललं. जड लागलं. वाटलं, मुलीचा हात सढळ आहे. ते बसवलं, ओट्यावर ओली पट्टी होती ती जोडावर घट्ट गुंडाळली, म्हणजे कडेने वाफ जायला नको. आच जरा मोठी केली. डोळे पुसले आणि बाहेर येऊन बसले. खरं सांगू? काहीतरी नीट केल्यासारखं वाटून बरंच बरं वाटत होतं.

(कुसकुस कुठे होतं म्हणशील. एकदा वाफवून सिरीनने ते परातीत दाणा-दाणा मोकळं करून गॅलरीत ठेवलं होतं. पुढे काय करायचं हे तिच्या फोनवर लिहिलेलं होतं. आणि फोन तिने नियमाप्रमाणे भांड्यात ठेवला होता.)

बाहेर गप्पा रंगल्या होत्या. इल्यास खिसा विसरला होता, आणि सी मुन्सिफ त्याच्या आजोबांची नक्कल करत होते. एवढ्यात आतून आवाज आला, यू-यू-यू-यू! लग्नघरात बायका काढतात तसाच, पण घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा.

इल्यासचा हात परत खिशाकडे गेला.

"माझ्या मुलाच्या लग्नातला आहे तो," सी मुन्सिफ हळूच म्हणाले. "फोनला लावलाय. बायको फोन करतेय." मग त्यांनी नाक वर करून वास घेतला. "पण हे शिजतंय काय?"

आम्ही धावलो. सिरीनने पट्टी सोडली, पंचा उचलला. वाफेचा लोट उठला आणि त्यात आमचे फोन, ताई, घाम फुटून, हारीने, दिवे लुकलुकत. एकाच्या पाठीला चणा चिकटला होता. तो तिथवर कसा चढला हे अजून कुणाला कळलेलं नाही.

"या लतीफ, देवा रे," सिरीन म्हणाली आणि स्टुलावर बसली.

वहीदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भांडं कुणी चढवलं?"

"मी."

"का?"

"खालचं उघडं होतं."

"आरोपीचं म्हणणं मला पटतं. खालचं उकळतंय आणि वरचं बाजूला पडलंय, हे बघून जी बाई हाताची घडी घालून उभी राहील ती आपल्यातली नाही. मीसुद्धा चढवलं असतं."

"मी पट्टी एवढी चांगली बांधली नसती," सिरीन हुंदके देत म्हणाली.

इल्यास म्हणाला, फोन तांदळात पुरावे लागतील. घरात तांदूळ नव्हता. म्हणून पिंपातलं कोरडं कुसकुस परातीत ओतून आम्ही ते त्यात पुरले. सी मुन्सिफनी टोपी काढली. इल्यासचा म्हणे जगेल, तो महागाचा आहे. माझा गेला. पुसताना त्याच्या पोटातून पाणी आलं.

आणि मग मला आई आठवली. दिवेलागणीला येते असं सांगून निघाले होते. आई दाराला कान लावून बसली असणार, आणि मला कुणी पळवून नेलं असं तिने शेजाऱ्यांना सांगितलंही असणार. सिरीनकडे तारेचा फोन होता, इंटरनेटबरोबर आलेला, कधी न वापरलेला. मी तो उचलला आणि तशीच उभी राहिले. मला आईचा मोबाइल नंबर पाठ नाही, ताई. मी तिच्या घरात राहते आणि मला तिचा नंबर येत नाही. मामाचा नाही, दुकानाचा नाही. डोक्यात चाचपडत गेले तर तिथे एकच नंबर होता, तुझ्या दिवाणखान्यातल्या त्या जुन्या काळ्या फोनचा. तू लग्न होऊन गेलीस त्या वर्षी मी तो दर रविवारी फिरवायचे. बोटांनीच तो फिरवला. मी फक्त बघत होते.

तू उचललास. त्या फोनवर नंबर दिसत नाही म्हणून उचललास, हे मला कळतं.

मी एका दमात सांगितलं, "तुझ्यासाठी फोन केलेला नाही. आईला कळव की मी ठीक आहे, उशीर होतोय, माझा फोन कुसकुसच्या भांड्यात वाफवला गेला."

इल्यास माझ्या कानाशी कुजबुजला, "कट झाला का?" सिरीनने त्याला चिमटा काढला.

मग तू विचारलंस, "पट्टी बांधली होतीस?"

"हो."

"घट्ट?"

"आई बांधते तशी."

आणि पलीकडून तो आवाज आला. मला आधी वाटलं, तुला ठसका लागला. मग वाटलं, रडतेयस. एवढ्या महिन्यांत तुझं हसणं कसं असतं हेच मी विसरले होते. ते थांबेना. मी इकडे सांगितलं, "हसतेय." सी मुन्सिफनी आकाशाकडे हात पसरले. तेव्हा माझ्यात कुठून धीर आला कुणास ठाऊक, पण तोंडातून निघून गेलं, "इथे एक गृहस्थ आहेत. तुझ्या व्याह्यांच्या भागीदाराचे मेहुणे. त्यांनासुद्धा कार्ड आलंय, ताई."

तुझं हसणं तिथेच तुटलं. पुढचं तू एवढ्या मोठ्याने बोललीस की सगळ्यांनी ऐकलं. मला मुद्दाम सांगावं लागलं नाही.

"कार्ड? तुला कार्ड हवंय? कार्ड परक्यांना पाठवतात, गाढवे! आईला पाठवलंय का मी? रिहाबला पाठवू का, तुझ्या लग्नाला अवश्य यावे म्हणून? मुलीच्या मावशीला कुणी आमंत्रण देतं का? कार्ड पाठवलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतंस, बहिणीने मला पाहुण्यांच्या यादीत बसवलं! मी इथे बदाम सोलून सोलून बोटं कुजवून घेतेय, रोज संध्याकाळी टॅक्सी थांब्यावर कोण उतरतंय बघतेय, आणि या बाईसाहेब ट्युनिसला बसून टपालाची वाट बघतायत!"

मी म्हटलं, "तू मला ब्लॉक केलंयस."

"फोनवर केलंय! दारात केलंय का?"

आणि ठेवून दिलास.

मी वळले. सिरीन रडत होती. वहीदा म्हणाली, "तुमच्या बहिणीचा मुद्दा भक्कम आहे." आणि सी मुन्सिफ एकदम खचून खुर्चीत बसले होते. "म्हणजे मला कार्ड आलं," ते म्हणाले, "ते मी परका म्हणून. मी सगळ्या चाळीला दाखवत होतो."

नंतर आम्ही परातीतलं कुसकुस पुन्हा वाफवलं आणि एकाच ताटात जेवलो. जरा कडक राहिलं होतं. चणे चांगले होते. निघताना कुणाला कुणाचा नंबर घेता येईना, म्हणून प्रत्येकाने प्रत्येकाला आपलं घर कुठल्या गल्लीत, कुठल्या बेकरीच्या वर, असं सांगितलं. सिरीन म्हणाली, इतकी वाईट संध्याकाळ तिच्याकडे आजवर झाली नव्हती, आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांनी यायचंच.

घरी आले तर आई शांतपणे बसली होती. म्हणाली, "दोर्राचा फोन आला होता. म्हणाली, तुझी मुलगी मूर्ख आहे." मी विचारलं, "तू काय म्हणालीस?" आई म्हणाली, "विचारलं, कुठली?"

मी मामाबरोबर येत नाही. मामाला अजून अवकाश आहे. मी गुरुवारीच निघतेय.

नज्वा


स्फॅक्स, तुझ्याच घरातून, लग्नानंतरचा मंगळवार

ताई,

तू सकाळपासून आत कडी लावून बसलीयस आणि मी बाहेर. तुझ्या नवऱ्याने दोन्हीकडे चहा पोचवला आणि तो आता गच्चीवर पळालाय.

लग्न छान झालं. रिहाब रडली नाही. तू रडलीस, मी रडले, आणि सी मुन्सिफ, परके असूनही, सगळ्यांत जास्त रडले. तू मला मधल्या पाच आठवड्यांत निदान दहा वेळा "तू परत जा" म्हणालीस, आणि त्या प्रत्येक वेळी तुझ्या हातात माझ्यासाठी काहीतरी खायला होतं. ही भांडणं मी मोजत नाही.

हे आजचं मात्र जरा मोठं झालं. नवरानवरीने माशावरून उडी मारायची असते, मला मान्य. तुमच्या स्फॅक्सची रीत आहे, आम्ही ट्युनिसवाले त्यात बोलणार नाही. पहाटे बाजारात जाऊन मी मासा आणला. सगळ्यांदेखत तू म्हणालीस, "हा मासा आहे? यावरून जावई उडी मारणार की यावर पाय पुसणार?" मी म्हटलं, "पंचवीस वर्षं इथे राहून तू समुद्रापेक्षा खारट झालीस." तू म्हणालीस, "बॅग भर." मी भरायला घेतली. रिहाब म्हणाली, "अगं आई, अगं मावशी." तुझी कडी वाजली.

बॅग अर्धी भरली आणि मी पलंगावर बसले. मोरपंखी पोशाख घडी करून ठेवला होता, त्यावर तुझ्या लिपस्टिकचा डाग आहे, खांद्यावर, तू रडलीस तिथे. तो मी धुणार नाही. मागच्या वेळी आपलं असं झालं तेव्हा मी माझ्या घरी होते, तू तुझ्या घरी, आणि मध्ये एक बटण होतं. तू ते दाबलंस आणि जग गप्प झालं. मला त्या गप्प राहण्याची फार भीती बसलीय, ताई. तुझ्या ओरडण्याची नाही. तुझं ओरडणं मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याच्यात मला झोपसुद्धा लागते.

म्हणून बॅग रिकामी करून मी परत बाजारात गेले. दुसरा मासा आणलाय. दोघांनी धरून वर आणावा लागला. ओट्यावर मावत नाही, शेपूट बाहेर लोंबतेय. आई समोर बसून त्याची विचारपूस करतेय. आता यावरून जावई पडला तर ती जबाबदारी तुझी.

पाहुणे यायला लागलेत, आणि जावयाची आई दोनदा विचारून गेली, तू कुठे आहेस. मी सांगितलं, केस विंचरतेय. ही चिठ्ठी दाराखालून सरकवतेय.

उत्तर लिहू नकोस. ओरड. मी दाराला पाठ टेकून बसलेय, इथे सगळं ऐकू येतं.

नज्वा